जुन्या ओम्नीसाठी भरवशाचा एक्सल शोधताना

आमची मारुती ओम्नी व्हॅन २००५ सालची, एमएच ०७ पासिंगची. पंधरा वर्षांची नोंदणी २०२० मध्ये संपली तेव्हा पाच वर्षांसाठी नूतनीकरण केले आणि २०२५ मध्ये ते पुन्हा एकदा केले. रोपवाटिकेतली काजू-आंब्याची कलमे, मातीने भरलेल्या पिशव्या आणि शेणखताची पोती सावंतवाडीच्या आसपासच्या वाड्यांवर पोहोचवण्याचे काम ती आजही करते. अरुंद पाणंदीत शिरणारी, मागचे दार उघडले की सपाट फरशीवर माल ठेवता येणारी आणि गावातल्या कोणत्याही मिस्त्रीला उघडता येणारी अशी दुसरी गाडी आमच्या ऐपतीत नाही, म्हणून ती टिकवायची असे आम्ही घरात ठरवले आहे. गेल्या वर्षी त्या टिकवण्याची खरी कसोटी मागच्या एक्सलने, म्हणजे मागचे चाक फिरवणाऱ्या शाफ्टने, घेतली. त्या शोधात जे शिकले ते सविस्तर लिहिते आहे, कारण ज्यांच्याकडे अजून ओम्नी आहे त्यांना आज ना उद्या याच वाटेने जावे लागणार आहे.

सुरुवात आवाजाने झाली. आंबोली घाट उतरताना मागच्या डाव्या बाजूने एक घुमणारा आवाज येऊ लागला, जो वेगाबरोबर वाढत होता आणि गिअर बदलला किंवा क्लच दाबला तरी थांबत नव्हता. उजवीकडच्या वळणावर, म्हणजे गाडीचा भार डाव्या चाकांवर झुकल्यावर, तो स्पष्टपणे मोठा होत असे आणि डावीकडच्या वळणावर जवळजवळ विरत असे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा वळणाशी असा संबंध नसतो, त्यामुळे चाकाच्या बेअरिंगचा संशय तेथेच आला. घरी आल्यावर मागची बाजू जॅकवर उचलून खाली घोडी लावली आणि चाक वर-खाली धरून हलवले, तर ते हाताला जाणवेल इतके हलले. ड्रम काढल्यावर आत ब्रेक शू तेलाने भिजलेले दिसले. तेल दाट आणि गंधकासारख्या उग्र वासाचे होते, म्हणजे ते ब्रेकचे नसून डिफरेन्शियलचे, म्हणजे दोन्ही एक्सलांना फिरवणाऱ्या मधल्या गिअरपेटीचे, होते. ऑइल सील गेले होते, बेअरिंग गेले होते, आणि एक्सल बाहेर ओढल्यावर दिसले की बेअरिंगची आतली कडी शाफ्टवर फिरत राहिल्यामुळे तिची बसण्याची जागाच झिजली होती. मायक्रोमीटरने मोजले तेव्हा बेअरिंगच्या भोकापेक्षा शाफ्ट सुमारे ०.०६ मिलिमीटरने बारीक भरला. वास्तविक तो भोकापेक्षा एक-दोन शतांश मिलिमीटरने मोठा असायला हवा, तरच बेअरिंग दाबून घट्ट बसते.

येथे थोडे थांबून या गाडीची रचना सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. १९८४ मध्ये मारुती व्हॅन या नावाने आलेली आणि १९८८ पासून ओम्नी म्हटली गेलेली ही गाडी २०१९ पर्यंत बनत राहिली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटखाली, तेथून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवलेले लोखंडी हाउसिंग (बाहेरचे कवच) आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक एक्सल, ही तिची मांडणी मुळात कधी बदलली नाही. ट्रकमध्ये चाकाचा हब हाउसिंगवरच दोन बेअरिंगांवर फिरतो आणि एक्सल फक्त फिरवण्याचे काम करतो, म्हणून रस्त्याच्या कडेला चाके जमिनीवर ठेवूनच ट्रकवाले एक्सल ओढून काढतात. ओम्नीत तसे नाही. येथे चाक एक्सलच्या टोकाच्या चकतीवरच बसते आणि त्या एक्सलला बाहेरच्या टोकाशी एकच बेअरिंग असते. म्हणजे इंजिनाचा पीळ तर एक्सल सोसतोच, शिवाय गाडीचे वजन, खड्ड्यांचे धक्के आणि वळणावरचा आडवा रेटा हे सगळे त्याच शाफ्टवर येते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात शाफ्टची खालची बाजू ताणली जाते, वरची दाबली जाते आणि अर्ध्या फेऱ्यानंतर हे उलट होते. धातूला थकवणारा सर्वांत मोठा भार हाच असतो. आणि चाक जागेवर राहते ते बेअरिंगमागे दाबून बसवलेल्या एका कडीच्या आधाराने. ती कडी सरकली किंवा शाफ्ट बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला तुटला, तर चाक ड्रमसकट बाहेर येते आणि ड्रम गेल्यावर त्या चाकाचा ब्रेकही उरत नाही. घाटात हे घडले तर काय होईल, ते शब्दांत लिहिण्याची मला इच्छा नाही.

म्हणूनच पहिला सल्ला मला मिळाला तेव्हा मी तो मानला नाही. गावातल्या मिस्त्रीने झिजलेली जागा पाहिली आणि म्हणाला, “भरून घेवया, चार दिवसांत काम होतलां.” भरून घेणे म्हणजे झिजलेल्या जागी वेल्डिंगचा थर चढवायचा आणि लेथवर तो कापून मूळ मापाला आणायचा. तो प्रामाणिक माणूस आहे आणि त्याने ट्रॅक्टरच्या, गिरणीच्या कितीतरी शाफ्टांना असे जीवदान दिलेले मी पाहिले आहे. पण एक्सलचे पोलाद मध्यम कार्बनचे आणि वरून कडक केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या थराच्या शेजारचा पट्टा भलताच कडक आणि ठिसूळ होतो आणि त्याच्या पलीकडचा भाग नरम पडतो. हा जोड नेमका बेअरिंगच्या जागेवर, जेथे शाफ्टला सर्वाधिक वाक मिळतो तेथेच येतो. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका टर्नरने मला हेच दोन वाक्यांत सांगितले. “ताई, हे मी भरून देणार नाही. पैशाचा प्रश्न नाही, चाक तुमचं आहे.”

मग नवा एक्सल शोधणे आले. पहिली चौकशी अर्थातच कंपनीच्या अधिकृत सुट्या भागांची. गाडीचा चेसिस नंबर देऊन कॅटलॉगमधला भागाचा नंबर काढून घेतला, आणि माझ्या मते नंतरच्या संपूर्ण शोधात हा एक कागदच सर्वांत उपयोगी ठरला. काउंटरवर ‘ओम्नीचा मागचा एक्सल’ असे म्हटले की समोरचा जे हाताला लागेल ते काढतो. नंबर दिला की त्याला शोधावे लागते. डावा आणि उजवा एकच आहेत असे गृहीत धरू नये, कॅटलॉगमध्ये बाजू पाहूनच नंबर घ्यावा. आम्हाला मात्र तो भाग साठ्यात नाही असे सांगण्यात आले आणि मागणी नोंदवून सहा आठवडे उलटले तरी काही हालचाल झाली नाही. पावसाळ्याआधीच्या हंगामात रोपवाटिकेची गाडी सहा आठवडे उभी ठेवणे म्हणजे वर्षभराच्या कमाईवर पाणी सोडणे असते, त्यामुळे एकीकडे मागणी तशीच ठेवून मी बाजारात उतरले.

म्हापशात एका दुकानात मारुतीच्याच ईको व्हॅनचा एक्सल ‘चालतो’ म्हणून दाखवण्यात आला. मी आमचा जुना एक्सल गोणपाटात गुंडाळून बरोबरच नेला होता. दोन्ही शेजारी ठेवले आणि लांबी जुळत नसल्याचे डोळ्यांनीच दिसले. ते स्वाभाविकही आहे, कारण ओम्नीची रुंदी १४१० मिलिमीटर आणि ईकोची १४७५ मिलिमीटर. एकाच कंपनीच्या दोन गाड्या दिसायला भावंडे असल्या तरी त्यांची हाडे एकमेकींना बसत नाहीत. जुना भाग बरोबर नेण्याचे ओझे ज्यांना नको असेल त्यांनी निदान चार मापे लिहून न्यावीत: एकूण लांबी, आतल्या टोकाच्या दात्यांची संख्या आणि व्यास, बेअरिंगच्या जागेचा व्यास, आणि चकतीच्या बाहेरच्या पृष्ठापासून बेअरिंगच्या खांद्यापर्यंतचे अंतर. हे शेवटचे माप बहुतेक जण विसरतात. ते चुकले तर ड्रम त्याच्यामागच्या बॅकप्लेटला घासतो किंवा शू ड्रमच्या कडेवर बसतात आणि दोष ब्रेकचा आहे असे समजून माणूस भलतीकडेच शोधत राहतो.

पुण्यात भाचा राहतो. त्याला नाना पेठेत पाठवले. त्याने एका दुपारी चार दुकाने फिरून दोन नवे एक्सल आणले. एक नाव असलेल्या खोक्यातला होता आणि दुसरा नुसत्या तेलकट कागदातला, किमतीला पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी. फोनवर तो म्हणाला, “मावशी, दोन्ही अगदी सारखेच दिसतायत, स्वस्तातला घेऊन टाक.” त्याचा दोष नाही. दिसायला ते सारखेच होते. तिसरा एक्सल मला बेळगावच्या एका भंगार व्यापाऱ्याकडे मिळाला. पुढून ठोकर बसून मोडीत निघालेल्या ओम्नीचा तो मूळ एक्सल होता. मागचा भाग शाबूत होता आणि पाटेही सरळ होते. मी त्या गाडीचे हाउसिंग स्वतः पाहिले, ते कोठे वाकले आहे का ते तपासले, आणि गाडीच्या कागदांची प्रत व पावती घेतल्याशिवाय पैसे दिले नाहीत. भंगारातला भाग घेताना पावतीचा आग्रह धरणे काहींना अपमानास्पद वाटते, पण चोरीच्या गाडीचा भाग आपल्या गाडीत नको असेल तर दुसरा मार्ग नाही.

हे तिन्ही एक्सल घेऊन मी उद्यमनगरात गेले. पंप, इंजिन आणि ऊस गाळण्याच्या यंत्रांचे सुटे भाग पिढ्यान्पिढ्या घडवत आलेल्या त्या वसाहतीत मोजमापाची साधने आणि ती वापरणारे हात दोन्ही सापडतात. प्रत्येक एक्सल लेथच्या दोन सेंटरांमध्ये धरून डुलणे मोजणाऱ्या डायल गेजखाली सावकाश फिरवला. नाव नसलेल्या एक्सलची चकती ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त डुलत होती. चकती एवढी डुलली तर चाक रस्त्यावर कायम थरथरणार आणि ती थरथर बेअरिंगला खाणार. बाकीचे दोन काही शतांशांतच फिरले. मग काठिण्य पाहिले. कानस मारून काठिण्य पाहण्याची जुनी पद्धत मी येथे वापरू दिली नाही, कारण कानशीचा एक ओरखडासुद्धा पुढे भेगेचे मूळ होऊ शकतो. त्या वर्कशॉपमध्ये हातात धरण्याचे काठिण्यमापक होते. बेळगावचा मूळ एक्सल आणि खोक्यातला नवा, दोघांचाही पृष्ठभाग रॉकवेल सी मापावर ५० च्या वर भरला. कागदातला २२ च्या आसपास थांबला, म्हणजे त्यावर इंडक्शन हार्डनिंग, म्हणजे विजेने तापवून पृष्ठभाग कडक करण्याची प्रक्रिया, झालेलेच नव्हते.

फरक हाताला लागणारा आणखी एक होता आणि तो कोणालाही साधनाशिवाय पाहता येतो. चांगला एक्सल तापवून, ठोकून, एकाच तुकड्याचे टोक फुगवून घडवलेला असतो, त्यामुळे पोलादाचे तंतू शाफ्टमधून चकतीत वळत जातात. शाफ्ट जेथे चकतीला मिळतो आणि जेथे बेअरिंगचा खांदा सुरू होतो, तेथे काटकोन न ठेवता गुळगुळीत गोलाई दिलेली असते. त्या गोलाईवरून नख फिरवले तर ते कोठेही अडत नाही. कागदातल्या एक्सलला तेथे सुरीने कापावा तसा सरळ कोपरा होता, आणि चकतीच्या मागे वेल्डिंग घासून सपाट केल्याच्या खुणा होत्या. तो चकती जोडून बनवलेला होता. असा भाग मालवाहू गाडीच्या चाकाखाली विकला जावा याचा मला मनापासून राग आला आणि तो राग अजूनही गेलेला नाही. खोके, होलोग्राम, छापील किंमत या गोष्टी पाहाव्यात हे खरे. पण त्यांच्यावर विसंबून गोलाईवरून नख फिरवायचे राहू नये.

राहिला भेगांचा प्रश्न. तो वापरलेल्या एक्सलच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण थकव्याची भेग डोळ्यांना दिसत नाही तोवर वर्षानुवर्षे वाढत राहते. घरी मी जुनी खेड्यातली रीत करून पाहिली होती. शाफ्ट स्वच्छ धुऊन रॉकेलमध्ये भिजवायचा, कोरडा पुसायचा आणि वरून खडूची पातळ पेस्ट लावून वाळू द्यायची. भेग असेल तर आत शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. वर्कशॉपमध्ये याचेच सुधारलेले रूप, म्हणजे लाल रंगद्रव्य आणि पांढरा डेव्हलपर फवारण्याची डीपी टेस्ट, केली. पोलादासाठी त्याहूनही चांगली चाचणी चुंबकाची. शाफ्टला चुंबकत्व देऊन लोखंडाचा बारीक कीस सोडला की भेगेच्या कडेवर तो रांगेत उभा राहतो. क्रँकशाफ्टचे काम करणाऱ्यांकडे ही सोय असते. बेळगावचा एक्सल तिन्ही चाचण्यांत स्वच्छ निघाला. आमचा काढलेला जुना एक्सलही कुतूहलाने तपासून घेतला, तर बेअरिंगच्या खांद्यालगत साधारण १५ मिलिमीटर लांबीची एक केसासारखी लाल रेघ उमटली. भरून घेतला असता तर ती रेघ त्या थराखाली झाकली गेली असती. ती पाहिल्यानंतर बराच वेळ मी काही बोलले नाही.

डाव्या बाजूला बेळगावचा मूळ एक्सल बसवायचे ठरले आणि खोक्यातला नवा सुटा म्हणून ठेवला. नवा सोडून जुना का, असे अनेकांनी विचारले. दोन्ही मापात आणि काठिण्यात उतरले होते, पण मूळ एक्सल याच रचनेच्या गाडीत वर्षानुवर्षे भार सोसून निर्दोष राहिला होता आणि त्याचे पोलाद नेमके कोणते याविषयी मला शंका नव्हती. भेगांची चाचणी करण्याची सोय नसती तर मी उलट निर्णय घेतला असता. तपासता न आलेला जुना एक्सल कितीही मूळ असला तरी बसवू नये.

बसवण्याचे काम थोडक्यात सांगते. बेअरिंगमागची जुनी कडी दोन ठिकाणी ग्राइंडरने पातळ करून छिन्नीने फोडायची असते. गॅसने तापवून काढली तर शाफ्टचे पाणी, म्हणजे त्याला दिलेले काठिण्य, उतरते, आणि ग्राइंडर शाफ्टला लागता कामा नये. काढलेली कडी पुन्हा वापरायची नाही. बेअरिंग हातोडीने ठोकून न बसवता प्रेसवर, आतल्या कडीवरच दाब देऊन बसवायचे, आणि त्याआधी जे भाग शाफ्टवर असायला हवेत ते चढवले आहेत की नाही हे मोजून पाहायचे, कारण एक राहिला तर नवी कडी फोडण्यावाचून गत्यंतर नसते. सील नवे घेतले, तेलाने भिजलेले शू फेकून दोन्ही बाजूंना नवे शू घातले, आणि ब्रेकची नळी सोडावी लागली असल्याने हवा काढून घेतली. उजवा एक्सलही त्याच दिवशी काढून तपासला. शाफ्ट चांगला होता, बेअरिंग व सील मात्र बदलले.

सील मुळात का गेले, याचे उत्तर सापडले नसते तर नवा एक्सलही त्याच मार्गाने गेला असता. हाउसिंगच्या वर हवा जाण्या-येण्यासाठी एक छोटा ब्रीदर असतो. आमचा लाल मातीने पूर्ण बुजला होता. घाटात हाउसिंग तापले की आतला दाब वाढतो आणि वाट न मिळालेले तेल सीलमधून बाहेर पडते. तेच तापलेले हाउसिंग पावसाळ्यात ओहोळात शिरले की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. काढलेले तेल फिकट आणि दुधाळ निघाले, ते त्यामुळेच. ब्रीदर साफ करून नव्वद ग्रेडचे हायपॉइड तेल भरले.

दुसरे कारण आमचा भार. तीन वर्षांपूर्वी गाडी मागे बसते म्हणून पाट्यांत एक जादा पाटा टाकून घेतला होता आणि त्यानंतर खताची पोती निर्धास्तपणे वाढवली होती. जादा पाट्याने गाडी वर उभी राहिलेली दिसते, पण एक्सलवर येणारे वजन तेवढेच राहते, उलट धक्का जिरवणारी लवचीकता कमी होते. बाहेर निघालेले रुंद रिम किंवा चकतीमागे घातलेले स्पेसर यांनीही असेच होते: चाक बेअरिंगपासून दूर जाते आणि तेच वजन शाफ्टला अधिक वाकवते. तो पाटा आता काढला आहे, आरसीवर लिहिलेल्या वजनाप्रमाणे पोत्यांची संख्या ठरवली आहे आणि उरलेली पोती दुसऱ्या फेरीत जातात.

पाचशे किलोमीटर झाल्यावर डावा ड्रम उघडून पाहिला. आत कोरडे होते. बॅकप्लेटचे नट पुन्हा घट्ट केले, चाक उचलून हलवले, आणि डायल गेज लावून आतबाहेरची हालचाल मोजून वहीत लिहिली. त्यानंतर भरलेल्या कलमांसह आंबोली घाटातून दोनदा जाऊन आले, आणि उजव्या वळणांवर काच खाली करून मुद्दाम ऐकले. टायरचा आणि वाऱ्याचा आवाज होता. खोक्यातला नवा एक्सल तेल लावलेल्या कापडात गुंडाळून कलमांच्या शेडमध्ये टांगला आहे, त्याला भागाचा नंबर, बाजू आणि चारही मापे लिहिलेली चिठ्ठी बांधली आहे, आणि कंपनीकडची मागणीही मी अजून रद्द केलेली नाही.